सायकल शर्यतीची बक्षिसं: आधी टायरचा आकडा बघा

पेठेतल्या किंवा सोसायटीच्या शर्यतीत निम्मं बजेट चषकांवर घालवू नका. चषक कपाटावर जातो. ट्यूब पुढच्याच रविवारी खडकवासल्याच्या वाटेवर कामाला येते.

ट्यूब देताना घोळ होतो तो मापाचा. रोड बाइकला साधारण ७०० × २५ किंवा २८, वॉल्व्ह बारीक, ‘प्रेस्टा’ प्रकारचा. त्यातही रिम खोल असेल तर ४८ मिलिमीटरचा वॉल्व्ह पुरत नाही; तोंड जेमतेम बाहेर येतं आणि पंप धरत नाही. एमटीबीला (माउंटन बाइकला) २६, २७.५ किंवा २९ इंच. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलला २८ × १½. म्हणून टायरच्या कडेला छापलेला आकडा नावनोंदणीच्या फॉर्मवरच लिहून घ्या. तेवढं जमत नसेल तर सगळ्यांना चालेल असं द्या: दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), मागचा लाल दिवा, पंक्चरचे पॅच. सोल्यूशन मात्र ताजं घ्या, जुनं आतल्या आत वाळतं.

हेल्मेट नकोच. डोक्याचा घेर मोजल्याशिवाय ते नीट बसत नाही, आणि सैल हेल्मेट पडताना सरकतं.

महिला गटाला पुरुषांइतकंच बक्षीस. यात तडजोड नाही. फ्लोअर पंपासारखी मोठी वस्तू बिब नंबरच्या (स्पर्धकाच्या अंगावरच्या क्रमांकाच्या) चिठ्ठ्या टाकून द्या. जिंकणाऱ्याकडे पंप बहुधा असतोच, शिवाय चिठ्ठी निघेपर्यंत लोक थांबतात. सर्वांत शेवटी येणाऱ्याला टूर द फ्रान्समध्ये ‘लाल कंदील’ म्हणतात. आपल्याकडे त्याला बाकरवडीचं पाकीट द्या, पण मंचावर बोलावून.