मुळावर जन्मलेला एका

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणारी माणसं साधारण तीन प्रकारची. कुणी संत एकनाथांच्या दर्शनाला जातं, कुणी पैठणी घ्यायला, कुणी जायकवाडीचं पाणी बघायला. मी निघाले होते एका विनोदवीराचं घर बघायला. गाडीत हे सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नाथबाबाला विनोदवीर म्हणायलीस? जपून बोल गं बाई."

पण मला खरंच तसं वाटतं. सोळाव्या शतकात लिहिलेल्या ओळींवर आजही गावागावात माणसं खो खो हसतात, ती ओळ म्हणायला पुरुष लुगडं नेसून उभे राहतात, आणि त्यासाठी कुणाला तळटीप लागत नाही. एवढा टिकाऊ विनोद मराठीत दुसऱ्या कुणाचा आहे? एकनाथांची सुमारे तीनशे भारुडं आपल्याकडे आहेत. भागवत, रामायण, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत हे सगळं मोठं काम झालंच. पण ज्याला सासू, जाऊ, नणंद, आंधळा, बहिरा, जोशी, गोंधळी यांचे आवाज इतके नेमके काढता येतात, तो लहानपणी कुठे वाढला, कुणाच्या मांडीवर बसून काय ऐकत होता, याचं मला कुतूहल होतं.

बिडकीन, ढोरकीन मागे टाकत पन्नासेक किलोमीटरवर पैठण. रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, सगळ्यांचाच तो अनुभव आहे. नाथांची दोन ठिकाणं आहेत: गोदावरीकाठचं समाधी मंदिर आणि जुन्या गावातला वाडा. बाहेरून येणारा बहुतेक जण समाधीपाशी डोकं टेकवून परत फिरतो. आम्ही आधी वाड्यात गेलो. गल्ल्या अरुंद, त्यामुळे गाडी लांब लावून आत्याबाईंच्या चालीने चालत.

वाड्यात लोक थबकतात ते रांजणापाशी. देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षं नाथांच्या घरी पाणी भरत होता, तो हा रांजण. तुकाराम बीजेपासून तो भरायला सुरुवात होते, आणि भरून वाहिला की देव नाथषष्ठीला, म्हणजे नाथांच्या समाधीदिवसाच्या यात्रेला, आला असं मानतात. नाथषष्ठी अजून लांब होती, त्यामुळे गर्दी नव्हती. आत्याबाईंनी रांजणाच्या कडेवरून हात फिरवला आणि तोच हात स्वतःच्या गुडघ्यांना लावला. गुडघे गेली काही वर्षं त्यांना छळताहेत. पूजा, संसार आणि उपचार एकाच हालचालीत.

या घराण्याची वंशावळ आत्याबाईंना तोंडपाठ आहे. पोथी ऐकत वाढलेली पिढी ती. पणजोबा भानुदास, ज्यांनी विजयनगरहून पंढरीचा विठ्ठल परत आणला असं परंपरा सांगते. त्यांचा मुलगा चक्रपाणी, त्यांचा सूर्यनारायण. सूर्यनारायण आणि रुक्मिणी यांच्या पोटी साधारण 1533 मध्ये एकनाथ जन्मले आणि अगदी तान्हेपणीच आईबाप दोघंही गेले. पोर मूळ नक्षत्रावर जन्मलं होतं. आपल्याकडे मुळावर जन्मलेल्या पोराला आजही काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. माझ्याच माहेरी एका चुलतभावाची शांत घातली होती आणि तरीही शेतात वीज पडली की म्हातारे त्याच्याकडे बघायचे.

म्हातारे आजीआजोबा आणि एक पोरकं पोर, असं ते घर. चक्रपाणींनी तरणा मुलगा आणि सून गमावलेली. आता यात विनोद कुठून येणार? तर पुढे याच पोराने मोठेपणी स्वतःच्या मूळ नक्षत्रावर अभंग केला: मी मुळावर जन्मलो आणि आईबापांच्या मुळावर उठलो, अशा धर्तीचा. अर्थ आध्यात्मिक आहे, अहंकार आणि माया मेली वगैरे. कीर्तनकार तो अर्थ नीट उलगडून सांगतात, सांगावाच. पण जे टोमणे गावाने त्याला लहानपणी मारले असतील, तेच उचलून त्याने आपल्या तोंडी घातले, हे मला त्या अर्थाहून मोठं वाटतं. ज्याला चिडवायचं त्यानेच आधी हसून टाकलं की चिडवणाऱ्याकडे काय उरतं?

समाधी मंदिराच्या आवारात अंबडकडच्या बायकांचा एक घोळका डबे उघडून बसला होता. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. जेवणं झाली आणि त्यांच्यातल्या एका काटकुळ्या मावशींनी पदर खोचला, दुसरीच्या हातातले टाळ घेतले आणि थेट सुरू केलं, "सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला." सासरा गावी गेलाय, तिकडेच खपव त्याला. सासू जाच करते, तिला लवकर ने. मावशींनी "सासू" म्हणताना नेमकं आमच्या आत्याबाईंकडे बोट केलं आणि सगळा घोळका फुटला. मी खाली बघितलं. "नणदेचं पोर किरकिर करितं, खरूज होऊ दे त्याला" या ओळीला त्यांनी काखेत, मानेवर, पाठीवर असं काही खाजवून दाखवलं की शेजारची दोन पोरं खरंच अंग खाजवायला लागली.

नवस रोडग्याचा, हे बघा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा जाड रोडगा, राख झटकायची, फोडायचा, वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. सासरा, सासू, जाऊ, नणदेचं पोर, नवरा एवढे सगळे उचलून न्यायचे आणि देवीला द्यायचं काय, तर एक रोडगा. घासाघीस करणारी बाई आहे ती, आणि तिची घासाघीस ज्याने लिहिली त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बरंच ऐकलेलं असणार.

शेवटच्या ओळीत ती म्हणते, "एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला." हे मी शेकडो वेळा ऐकलंय, हसलेही आहे. त्या दिवशी वाड्यातून येऊन ऐकलं म्हणून असेल, पण लिहिणाऱ्याचे सगळे खरोखरच गेले होते, आणि कळायच्या आत. घरभर माणसं असलेल्या बाईला एकटं राहायचंय, हा विनोद एका पोरक्या माणसाने रचलाय. मी हे आत्याबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आम्ही जात्यावर म्हणायचो ही. आमची सासूच सुरू करायची." आणि उठून त्या काटकुळ्या मावशींच्या हातावर त्यांनी दहाची नोट ठेवली.

दुसऱ्या दिवशी देवगिरी, म्हणजे दौलताबाद. बाराएक वर्षांचा एकनाथ आजीआजोबांना न सांगता घर सोडून इथे जनार्दनस्वामींकडे आला. पैठणपासून हे अंतर आज गाडीने साठ-पासष्ट किलोमीटर भरतं, तो अर्थातच चालत आला. गुरू मिळाला याचं कौतुक सगळी चरित्रं करतात. मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांनी ते दिवस कसे काढले असतील, यावर मात्र आम्ही किल्ल्याच्या दारापर्यंत बोलत राहिलो. आत्याबाईंचा निकाल ठाम होता: "देवासाठी का होईना, सांगून जायचं."

त्या भारतमाता मंदिरापाशी सावलीत बसल्या आणि मी नवऱ्याबरोबर वर निघाले. अंधारी म्हणतात तो काळोखा भुयारी रस्ता, वटवाघळांचा वास, मग बारादरी आणि त्याच्याही वर जनार्दनस्वामींची गुहा. स्वामी निजामशाहीतले या गडाचे किल्लेदार, मूळचे चाळीसगावचे. त्यांच्या हाताखाली एकनाथ दफ्तराचं काम शिकले. हिशेबात एका पैचा घोळ लागेना म्हणून रात्र जागून काढली आणि सापडल्यावर टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. तिच्यातून एकाग्रतेचा धडा काढला जातो. मला मात्र त्या दफ्तरात पुढच्या भारुडांचा कच्चा माल दिसतो. नाथांनी अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, कौलनामा अशा नावांची भारुडं लिहिली आहेत: सरकारी कागदाचा थाट, फारसी शब्दांचा भडिमार आणि मजकूर परमार्थाचा. देहगावचा कारभार, त्यात कामक्रोधाचा उच्छाद, आणि त्याची रीतसर तक्रार वर कळवलेली. तहसिलीत ज्याने एकदा तरी अर्ज दिलाय त्याला हे कागद वाचताना हसू आवरत नाही. ही भाषा कुणी कीर्तन ऐकून शिकत नाही, ती टेबलावर बसूनच अंगात मुरते. (टेबल तेव्हा नव्हतं, बैठक म्हणा.)

आणखी एक कथा या गडावरचीच. स्वामी समाधी लावून बसले असताना शत्रू चालून आला. एकनाथांनी गुरूंचा पोशाख चढवला, हत्यारं घेतली आणि स्वामी म्हणूनच लढून आले. चरित्रकार ती गुरुभक्ती म्हणून सांगतात. मी ती दुसऱ्याच्या कपड्यातली पहिली भूमिका म्हणून लक्षात ठेवलीय.

खाली आलो तर आत्याबाईंनी पेरू घेऊन ठेवले होते, मीठ-तिखट लावून. परतीच्या वाटेवर विषय नाथांच्या संसाराचा निघाला. गुरूंच्या आज्ञेवरून ते पैठणला राहिले, गिरिजाबाईंशी लग्न झालं, गोदावरी आणि गंगा या मुली, हरिपंडित हा मुलगा. गोदावरीचा मुलगा म्हणजे कवी मुक्तेश्वर. शिवाय पुरणपोळीच्या ओढीने येऊन राहिलेला गावबा, ज्याने पुढे नाथांचं अपुरं रामायण पुरं केलं म्हणतात. लहानपणी रिकामं घर बघितलेल्या माणसाने नंतर दार कधी लावलंच नाही.

घरात कटकट झाली ती हरिपंडितांची. मुलगा संस्कृतात पंडित झाला आणि बाप मराठीत पुराण सांगतो, कुणाच्याही घरी जेवतो, हे त्याला खपेना. रुसून काशीला गेला. नाथ समजूत काढून घेऊन आले, ते त्याच्या अटी मान्य करून: मराठी बंद, परान्न बंद. मग पुराणाला माणसंच येईनात.

"शिकलेल्या पोराला बापाचं बोलणं चालत नाही, तव्हापासूनचं हाय हे," आत्याबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. "आता आमचंच बघ. मागच्या महिन्यात ह्याच्या हापिसातले लोक आले तर मला म्हणतो, आई, जरा नीट बोल."

गाडी चालवणारे आमचे हरिपंडित म्हणाले, "मी हळू बोल म्हणलो होतो."

"तेच ते," आत्याबाई म्हणाल्या आणि पेरूची उरलेली फोड त्याला न देता मला दिली.