मागे सरकत सरकत

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

भाचेबुवा दुपारी येऊन गेले. निघताना दारात बुटाची लेस बांधत सहज म्हणाला, "आत्या, तुझं घोस्ट ना, कधी पहिला फटका मारतच नाही. नुसतं मागे मागे जातं. मी त्याला भिंतीपर्यंत नेतो आणि संपवतो." एवढं बोलून सायकल काढून गेला. क्लासला उशीर होत होता त्याला.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. संध्याकाळी गंगापूर रोडला भाजी घेताना तेच, कुंभाच्या कामासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावरून गाडी हाकताना तेच. पंधरा वर्षांचं पोर ते, एक वाक्य बोललं. त्याच्या मनात काही नव्हतं हेही मला कळतं. तरी.

खरं तर टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेममधलं हे घोस्ट प्रकरण भारी आहे, हे मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. आपण खेळत असतो आणि गेम बघत असतो. समोरचा किती लांब असताना आपण कोणती लाथ काढतो, खाली पडल्यावर लगेच उठतो की लोळत बाजूला होतो, घाबरल्यावर काय करतो. मग त्यातून तो आपली एक प्रतिकृती उभी करतो. तिच्याशी आपण लढायचं, हवं तर दुसऱ्यांनीही लढायचं. सुरुवातीला मी माझ्या घोस्टशी खेळले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. मी जिला घेऊन खेळते त्या शाओयूची पाठ समोरच्याकडे करून उभं राहायची माझी खोड, काही उपयोग नसताना, तीसुद्धा त्याने उचलली होती. स्वतःला आपण हसलो की गंमत वाटते. तीच गोष्ट दारात लेस बांधता बांधता दुसऱ्याने सांगितली की वेगळी लागते.

गेमचं हे खोकं माझ्याकडे आल्यापासून भाचा मी ऑफिसात असतानाच खेळून जातो. दहावी होईपर्यंत ते आत्याकडे राहील, हा वहिनीचा हुकूम. पण किल्ली शेजारच्या काकूंकडे असते हे तिला कुठे ठाऊक. म्हणजे मी साताऱ्याहून आलेल्या फायली उपसत असते तेव्हा इथे माझ्याच हॉलमध्ये माझं घोस्ट रोज भिंतीला टेकून मार खातं. हे काही बरं नाही.

खोटं बोलत असेल म्हणून जेवण झाल्यावर जुन्या लढती लावून बघितल्या. हीसुद्धा या भागातली चांगली सोय आहे. रिप्ले चालू असताना गेम मध्येच दाखवतो, इथे उलट फटका बसला असता, इथे पकड सोडवता आली असती. वाटलं तर तिथेच थांबवून पॅड हातात घ्या आणि तो क्षण स्वतः खेळून बघा. अशी शिकवणी आम्हाला कुणी दिली नव्हती. पण माझ्या लढतींत "इथे मारता आलं असतं" इतक्या वेळा आलं की मी टीव्ही बंद केला. समोरचा हात टाकून मोकळा झालेला, उघडा, आणि मी? एक पाऊल मागे. परत एक पाऊल मागे.

मी अशी खेळते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला ते कसब वाटायचं.

कसबच होतं ते. टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८ ला आला, आमच्यापर्यंत पोचायला आणखी दोनेक वर्षं गेली. आधी कॉलेज रोडच्या गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने, मग दादाने कुठून तरी सेकंडहँड मशीन मिळवलं आणि पंचवटीच्या घरात माडीवर लपवलं. कॉपी सीडी अडकायची म्हणून मशीन उलटं ठेवून चालवायचो, पाय वर करून पडलेल्या झुरळासारखं ते दिसायचं. दादा कायम एडी घ्यायचा, तो नुसत्या लाथांवर खेळणारा लढवय्या. फुली आणि गोल, फुली आणि गोल, बाकी बटणांना हातच नाही. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय, इतका सुंदर हिशेब या खेळाचा, आणि हा माणूस निम्मं शरीर वापरायचाच नाही. तरी जिंकायचा. त्या गरगर फिरणाऱ्या पायांपुढे टिकायचा एकच उपाय होता. मागे व्हायचं, त्याचा पाय हवेत जाऊ द्यायचा, आणि तो सावरायच्या आत एक नेमका फटका. असं करून मी त्याला हरवायला लागले तेव्हा दादा पॅड आपटायचा आणि म्हणायचा, ही रडी आहे, ही खेळतच नाही.

आज त्याच्या पोराने तेच सांगितलं. शब्द वेगळे.

दादाचं काय चाललंय विचारायला हवं होतं पोराला. नाही विचारलं. पंचवटीच्या घराच्या सह्या झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे दिवाळीला एक मेसेज. जाऊ दे, त्याबद्दल नाही लिहायचंय.

तर मुद्दा असा की माझ्यासारख्या माणसाचं या आठव्या भागात काही खरं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हाच ठरवून आला होता की हल्ला करणाऱ्याचे लाड करायचे. हीट नावाची नवी गोष्ट आणली. प्रत्येक राउंडमध्ये एकदा, दहा सेकंदांचं बळ. त्या दहा सेकंदांत समोरच्याचा फटका तुम्ही नीट अडवला, तरी थोडं रक्त जातंच. बरं, ते गेलेलं रक्त परत मिळवता येतं, पण कसं? तर आपण मारून. अडवून, थांबून, बाजूला होऊन नाही. पुढे जाऊन मारलं तरच ती पांढरी पट्टी पुन्हा भरते. म्हणजे बघा, वाट बघणाऱ्याची आधी थोडी थोडी वजावट करायची आणि मग म्हणायचं, हवं असेल तर येऊन घेऊन जा.

वर सुरुवातीलाच ३२ लढवय्ये, नंतर विकतचे आले ते वेगळे. प्रत्येकाच्या शंभरावर चाली. तो पेरू देशातला कॉफी विकणारा हसरा चेहरा, अझुसेना, ती एकदा सुटली की कोणता फटका वर येतोय आणि कोणता खाली हे कळेपर्यंत राउंड संपतो. वाट बघायची तर कशाची वाट बघायची हे तरी पाठ हवं ना. माझ्या वयाला जीएसटीच्या तारखा पाठ राहत नाहीत.

आणि वहिनी! हे लिहायचंच राहिलं होतं कुठेतरी. दिवाळीनंतर ती पोराला पकडायला म्हणून आली, पोर बाल्कनीत लपलं, आणि मी सारवासारव करायला पॅड तिच्या हातात दिला. त्यात एक स्पेशल स्टाइल आहे, एका बटणावर चालू होते, मग नवशिक्यालाही एकेका बटणात मोठमोठे कॉम्बो, म्हणजे सलग फटके, निघतात. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा पॅड धरला, मला हवेत उचललं, भिंतीवर आपटलं, खाली जमीन फुटून आम्ही दोघी खालच्या मजल्यावर, तिथेही मारलं. मग पॅड टीपॉयवर ठेवून म्हणाली, "एवढंच? यासाठी तुम्ही बहीणभाऊ रात्र रात्र जागायचात?" सोफ्यावरची पर्स उचलून गेली. मी वीस वर्षं काय शिकले असं त्या रात्रीही वाटलं होतं, पण तेव्हा हसले.

हे लिहिताना आत्ताही हसू येतंय. म्हणजे दुपारचं ते वाक्य इतकं लागायला नको होतं.

बरं, ही तक्रार माझ्या एकटीची नाही. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या सीझनचे बदल आले तेव्हा जगभरचे लोक खवळले. अपेक्षा होती बचावाला थोडं बळ मिळेल, आणि झालं उलट, हल्ला आणखी धारदार. लोकांनी इतकी बोंब ठोकली की घाईघाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. तेव्हा मी ते सगळं वाचून काढलं होतं, रात्री पांघरुणात, आणि फार बरं वाटलं होतं. कुठे कुठे लोक बसलेत माझ्यासारखे, मागे सरकणारे. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश आहेच. २०१९ मध्ये सातव्या भागावर त्याने जपानची ईव्हो, म्हणजे अशा खेळांची मोठी स्पर्धा, जिंकली आणि त्याच वर्षी अमेरिकेचीही. त्याच्या आधी तिकडच्या खेळाडूंना जगात कुणी विचारत नव्हतं. त्याचाही लौकिक समोरच्याचा हुकलेला हात टिपण्याचाच. तेव्हा आमचं घराणं तसं मोठं आहे. मी त्यातली दूरची, लांबून नमस्कार करणारी.

आणि एवढं बोलून मी खेळते का नाही? खेळतेच. ऑनलाइन लढतसुद्धा सातव्या भागापेक्षा कितीतरी बरी चालते. तेव्हा समोरचा फटका मारायचा आज आणि लागायचा उद्या. आता लांबचा माणूसही शेजारी बसल्यासारखा वाटतो. फक्त ज्याच्या नावापुढे वायफायची खूण दिसते त्याच्याशी मी खेळत नाही, एवढा मान मी स्वतःला देते. दुकानाचं मात्र चीड आणणारं आहे. गेम विकून महिना होत नाही तोच आत कपड्यांचं दुकान उघडलं. दादाचा एडी, जो टेकन ३ मध्ये फुकट होता, तो इथे वेगळ्या पैशांत. दादाने ते भरले म्हणे, पहिल्याच दिवशी. खेळाच्या कथेतल्या मिशिमा घराण्याचा आजोबाही तसाच परत आला. सातव्या भागात स्वतःच्या मुलाने लाव्हात फेकलेला हेइहाची, पैसे मोजले की जिवंत. त्याने त्या मुलाला लहानपणी कड्यावरून फेकलं होतं, तेव्हा फिटंफाट. त्या घरात निदान एकमेकांना फेकायला तरी समोरासमोर येतात.

ते असो.

आता जरा वेळ मुद्दाम पुढे जाऊन खेळून बघितलं. राउंड सुरू होताच धावत, हीट लावून, मागचापुढचा विचार न करता. एक-दोन राउंड निघालेसुद्धा. हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे चालत होते, थंडीने बोटं आखडली होती त्याचाही भाग असेल. तिसऱ्याला ब्रायन नावाचा लढवय्या घेतलेल्या एकाने मला इतकं धुतलं की मी पुन्हा आपली एक पाऊल मागे, एक पाऊल मागे. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की त्याची लांब लाथ हवेत गेली. मारलं मी. नेमकं मारलं.

मग बसून विचार केला. भाचेबुवा रोज माझ्या घोस्टला सरळ मागे ढकलत भिंतीला नेतात. त्यांना त्याची सवय झालीय. भिंत आली की पोर डोळे मिटून तीच चाल टाकणार, आधी खालून, मग उचलून. समजा मी त्याला नेऊ दिलं. अगदी घोस्टसारखीच सरकत गेले भिंतीपर्यंत, आणि तिथे मागे न होता बाजूला झाले. शाओयूला ते छान जमतं. भिंतीकडे तोंड त्याचं, पाठ माझ्यासमोर.

अर्धा तास सराव खोलीत तेवढंच घोटलं. जमतंय. सगळ्या वेळी नाही.

उद्या रविवार. पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, तेव्हा तासभरच, आणि तोही वहिनीच्या परवानगीने, शेजारच्या किल्लीने नाही. आधी मिसळ खाऊ म्हणतोय, मग खेळू. मी म्हटलं, आधी खेळू, हरेल त्याने मिसळीचे पैसे द्यायचे. लगेच हो म्हणाला. त्याच्या खिशात कधी दहा रुपये नसतात, पण हो म्हणाला.