'का आलात?' हा रकाना कोराच होता

पुरानंतरचा तिसरा दिवस, स्वयंसेवकांच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडे. बाहेरच्यांना वाटतं की अशा वेळी माणसं मिळत नाहीत, खरं तर सुरुवातीला इतकी येतात की कामाला लावायचं कुठे हाच प्रश्न असतो. आपत्तीच्या जागी माणसं, वस्तू, निरोप सगळं एकदमच धावत येतं, हे फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या संशोधकांनी १९५७ मध्येच मांडलंय. आणि गाळ काढायला सगळे तयार, पण आलेले कपडे निवडायला, ओले-फाटके वेगळे काढायला, मापाप्रमाणे गठ्ठे बांधायला कोणी तयार नाही म्हणजे नाहीच.

फॉर्मवर 'का आलात?' हा रकाना मी हट्टाने टाकून घेतलाय. बहुतेक जण 'समाजसेवा' लिहितात. एका मुलीने सरळ लिहिलं, 'सर्टिफिकेट पाहिजे'. आमचे एक सर म्हणाले हिला परत पाठव. मला हे अजिबात पटत नाही. ओमोटो आणि स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एड्स रुग्णांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल दाखवलं की स्वतःसाठी काही हवं म्हणून, म्हणजे शिकायला, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून आलेले लोक जास्त टिकतात. ती मुलगी अजूनही रोज येऊन स्टॉक रजिस्टर लिहितेय, तिसऱ्या दिवशी डोळ्यात पाणी घेऊन आलेले कितीतरी जण आता दिसत नाहीत. त्यांना दोष नाही देत, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून धावलेल्या माणसाचा जीव थोडा शांत झाला की पाय घराकडे वळणारच.

पण मला झोप लागत नाहीये ती एका काकांमुळे. त्यांचा रकाना कोरा. नियम असा की धनुर्वाताचं इंजेक्शन, कामात सोबत एक जोडीदार, आठ तास काम, मग सक्तीची विश्रांती. काकांनी एक शिफ्ट संपवली की दुसऱ्या टीमच्या यादीत नाव घालायचं. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हातातून फावडं घेतलं तर दांड्याला रक्त. बसवलं, विचारलं. म्हणाले, "आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरात पाणी शिरलं, माझं घर उंचावर, फरशीसुद्धा भिजली नाही."

क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागचे सहा हेतू मांडले, त्यातला एक हाच, मनातली टोचणी कमी करायला काम करणं. ट्रेनिंगमध्ये यावर माझी स्लाइड आहे, दरवेळी मी शिकवते. आणि तोच माणूस समोर होता तर मी त्याच्या नावापुढे 'उत्साही' असा शेरा मारला होता.

मी त्यांना घरी पाठवलं. जाताना म्हणाले, "घरी जाऊन काय करू ताई, घर तर कोरडंच आहे."

नियमाप्रमाणे बरोबरच केलं मी. पण आमच्या नियमात 'थांबवा' एवढंच आहे, थांबवल्यावर त्या माणसाचं काय करायचं हे कुठेच नाही. त्या मुलीशेजारी बसून कपडे मोजायचं काम देता आलं असतं, पट्टी बांधलेल्या हातांनीसुद्धा जमलं असतं, पण तेव्हा सुचलंच नाही. कालपासून दोनदा फोन केला, उचलला नाही. आज संध्याकाळी पत्ता बघून जाऊन येणार आहे.