लिनक्सवरच गेम का विकत घेते?

"लिनक्स फुकट वापरता, मग गेमला पैसे का मोजता? आणि मोजायचेच तर लिनक्सवरच खेळायचा हट्ट कशाला?" ऑफिसात, लग्नाकार्यात, कुठेही हा प्रश्न येतोच. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, पण फुकट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पैशांचं म्हणाल, तर २०१० साली हंबल इंडी बंडल निघालं होतं. पाच-सहा गेम, किंमत तुम्हाला वाटेल ती. तेव्हा सरासरीने सगळ्यात जास्त पैसे लिनक्सवाल्यांनीच दिले होते. फुकटे म्हणून नाव आमचंच!

हट्ट एवढ्यासाठी, की लिनक्सवरची विक्री दिसली तरच कंपन्या लिनक्ससाठी गेम काढतील. ही गोष्ट जुनी आहे. १९९८ साली अमेरिकेत लोकी नावाची कंपनी निघाली. विंडोजचे गेम लिनक्सवर आणून विकायचे, हा तिचा धंदा. क्वेक थ्री हा गेम तिने झकास पत्र्याच्या डब्यात घालून आणला. पण विंडोजचा गेम दुकानात आधीच आला होता, आणि तो लिनक्सवर चालवायला लागणारी फाइल इंटरनेटवर फुकट मिळत होती. दम कोण धरणार? पुष्कळांनी विंडोजचाच खोका उचलला. खेळले लिनक्सवर, विक्री मांडली गेली विंडोजच्या नावावर. २००२ च्या जानेवारीत लोकीने गाशा गुंडाळला. कारणं आणखीही होती, पण माझ्या डोक्यात तो डबाच बसलाय.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान २०१३ साली लिनक्सवर आलं. तिथे हिशेब जरा शहाणा आहे: विकत घेतल्यावर सुरुवातीच्या दिवसांत विंडोज किंवा लिनक्स, तुम्ही जास्त वेळ जिथे खेळलात, त्याच्या नावावर विक्री मांडतात. हे कळल्यावर मी भलतीच खूश झाले, आणि लगेच तोंडावर आपटले. फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा गेम घेतला. यावर कधीच सूट नसते, त्यामुळे सेलची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दोन दिवसांनी दिवाळीला बहिणीकडे गेले आणि भाच्याला दाखवायला म्हणून त्याच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं. "मावशी, एवढा एक पट्टा जोडतो." तो पट्टा भाऊबीजेपर्यंत जोडला जात होता. घरी येऊन तास बघितले: त्याचे एकोणीस, माझे तीन. लिनक्सची अस्सल आवृत्ती असलेला गेम, आणि विक्री गेली विंडोजला.

२०१८ मध्ये स्टीमवर प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर आल्यापासून विंडोजचे गेमही लिनक्सवर चालतात, आणि ती विक्री लिनक्सचीच धरतात. आकडा वाढतो, हे बरंच आहे. पण आयतं चालतंय म्हटल्यावर लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती कोण कशाला काढेल? मी प्रोटॉनवर रोज खेळते आणि रोज थोडी कुरकुरते.

यंदाही दिवाळीत नवा गेम घेतला. भाच्याला वास लागलाच, फोन आला, "कधी येऊ?" म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे, मग ये.