मुकादम कोण?

मार्गशीर्ष वद्य दशमी. पैठण.

सकाळी साडेसहाला छत्रपती संभाजीनगरहून निघताना सासूबाईंनी फाटकापाशी चौघांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि धाकट्याच्या कानाला मफलर गुंडाळता गुंडाळता, "ऐन अमावास्येला मुक्कामी पोचायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?" हा प्रश्न आठ दिवसांत विसाव्यांदा विचारला. तुळजापूरला पोचायचा दिवस आम्ही पंचांग पाहून नव्हे, तर शाळेची नाताळची सुट्टी पाहून ठरवला होता, त्यामुळे माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्याकडे तशा साडेतीन सायकली आहेत. आम्हा दोघांच्या दोन, थोरलीची (वय ११) चोवीस इंची गिअरची एक, आणि धाकट्याची (वय ७) अर्धी. अर्धी म्हणजे त्याच्या जुन्या सायकलचे पुढचे चाक काढून, त्या जागी लोखंडी दांडा जोडून तो त्याच्या बाबांच्या सायकलला सीटखाली बोल्टने अडकवलेला आहे. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने हे काम चार दिवसांत करून दिले आणि देताना, "वहिनी, माझं नाव कुणाला सांगू नका," असेही बजावले. धाकट्याने पॅडल मारले तर चढावर थोडी मदत होते, आणि नाही मारले तर तो मागे बसून गाणी म्हणतो. रस्त्यावर थोरली सर्वांत पुढे, कारण वेग तिच्या पायांनी ठरायचा. तिच्यामागे ही जोडगाडी. शेवटी मी, हँडलला आरसा आणि गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे मागून मोठे वाहन येत आहे, दोन म्हणजे थांबा. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर राहायचे नाही, हा एक नियम मात्र मी कोणाशीही चर्चा न करता करून टाकला, कारण उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात कशा अंगावर येतात, ते मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

चितेगाव, बिडकीन, ढोरकीन या सुमारे पन्नास किलोमीटरच्या रस्त्याबद्दल धूळ सोडून लिहिण्यासारखे काही नाही. पैठणला पोचल्यावर पाय धुऊन नाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि मग गोदाकाठी उतरलो. तापलेल्या वाळवंटात रडणारे लेकरू एकनाथ महाराजांनी कडेवर घेतले, ही कथा मी तिथेच सांगितली, तेव्हा धाकट्याने चप्पल काढून वाळूत पाय ठेवला आणि "ही तर गार आहे" असा माझ्यावर आरोप केला. डिसेंबरची संध्याकाळ आहे, हे त्याला पटवून द्यावे लागले.

वर जायकवाडीचे पाणी पसरलेले आहे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, एवढे थोरलीला पाठ होते. माझ्या आजीचे माहेर त्याच पाण्याखाली आहे, हे तिला आज कळले. आजी सांगायची की, गाव उठले तेव्हा बैलगाडीत आधी धान्याची पोती चढली, मग दाराच्या चौकटी, आणि उरलेल्या जागेत पोरे.

मार्गशीर्ष वद्य एकादशी. गेवराई.

आजचे अंतर सुमारे साठ किलोमीटर, आणि त्यातला पहिला दीड तास पंक्चर काढण्यात गेला. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरून मोडतो आणि टोक आत राहते. ट्यूबला ठिगळ लावून चाक परत बसवले की दहा मिनिटांत तेच टोक नवे भोक पाडते. तिसऱ्यांदा हवा गेली तेव्हा थोरलीने टायर हातात घेऊन आतल्या बाजूने बोट अगदी हळू, डोळे मिटून फिरवले आणि एके ठिकाणी थांबून, "इथे आहे," म्हणाली. तांदळाच्या कणीएवढे टोक नखाने निघेना, शेवटी दाताने ओढून काढले. मग काचपेपर घासणे, सोल्युशन लावून फुंकणे, ठिगळ दाबून धरत शंभर आकडे मोजणे, हे सगळे तिनेच केले. माझ्याकडे फक्त आकडे मोजायचे काम आले.

पाचोडला मोसंबीच्या बाजारामुळे पाच रुपयांत पोटभर मोसंबी मिळतील अशी मुलांच्या बाबांची समजूत होती. ती पूर्ण झाली नाही, तरी एका आडत्याने लेकरांच्या हातात चार फळे फुकट ठेवली. माझा उपवास होता, आणि साबुदाण्याची खिचडी, केळी, मोसंबी, शेंगदाण्याचा लाडू असा तो पार पडल्यावर "एकादशी, दुप्पट खाशी" हे घरातल्या पुरुषाने म्हणायचे वाक्य म्हटले गेले. शहागडला गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात आलो. पुलावर थांबू नये असा माझाच नियम मी मोडला, त्याची नोंद येथे करून ठेवते.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी. बीड.

आज तेहतीस-चौतीस किलोमीटरच होते, म्हणून उशिरा निघालो. गढी गावाच्या आसपास, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग उजवीकडे ठेवून आम्ही कडेने चाललो असताना 'कट्' असा आवाज झाला आणि अर्धी सायकल धाकट्यासह रस्त्याच्या उतारावर जाऊन आडवी झाली. जोडाचा बोल्ट तुटला होता. पोराला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण मागून येणाऱ्या मला तो जो क्षणभर दिसला, तो मी लिहिणार नाही.

समोरच उसाचा फड होता. धारूर तालुक्यातली ऊसतोडीची टोळी होती. पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या दहा-बारा खोपी, चुली, कोंबड्या, आणि एका खोपीपुढे गुढघ्यावर तान्हे बाळ घेतलेली, थोरलीच्याच वयाची एक मुलगी. मोठी माणसे फडात तोडणीला होती. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या माणसाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघायचे आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, कारखान्याच्या मागे फिरायचे. बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ही टोळी तशी घराजवळ होती. हे सर्व मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आले आहे, पण खोपीपुढे सायकल टेकवून, डबा उघडून बसण्याचा प्रसंग आला नव्हता.

मोळी टाकून एक बाई पाणी प्यायला आली. वय माझ्याहून कमीच, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. तिने आमच्या सायकलींवरचे बोजे पाहिले, दोन्ही पोरे पाहिली, धाकट्याच्या गुडघ्यावरची हळद पाहिली आणि विचारले, "कुठून आलाव?" मी सांगितले. "कुठं निघालाव?" तुळजापूरला. "लेकरं घिऊन? सायकलीवर?" हो. ती थोडा वेळ थांबली आणि अगदी सहज, आपल्यातल्या माणसाला विचारावे तशी म्हणाली, "मुकादम कोन हाय तुमचा?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कोणी नाही, आम्ही आपणहून निघालो आहोत, असे मी म्हणाले. यावर तिने "उचल न्हाई घेतली?" असे विचारले, आणि मी मान हलवताच ती हसली. चेष्टेने नव्हे, मनात जुळवलेला हिशेब चुकल्यावर माणूस हसते तशी. गेल्या तीन दिवसांत "केवढं धाडस तुमचं!" हे वाक्य आम्ही पेट्रोल पंपावर, देवळात, चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकले होते की, ते थोडे खरे वाटू लागले होते. पोरे आणि भांडी घेऊन वाटेला लागणे याला या रस्त्यावर कोणी धाडस म्हणत नाही, त्याला हंगाम म्हणतात.

तुटलेल्या बोल्टचे दोन्ही तुकडे घेऊन मुलांचे बाबा ट्रॉलीच्या रांगेत गेले. तिथल्या एका ट्रॅक्टरवाल्याने मागच्या अवजाराला लावतात तसली, कडी असलेली छोटी पिन टूलबॉक्समधून शोधून काढली, दांड्याच्या भोकात घालून पाहिली, सैल वाटली म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिच्याभोवती गुंडाळली आणि कडी फिरवून बंद केली. पैसे घेतले नाहीत. "परत येताना द्या माझी पिन," एवढेच म्हणाला.

हे होईपर्यंत थोरलीने बाळ मांडीवर घेतले होते आणि ती मुलगी थोरलीच्या सायकलवर होती. गिअरशी तिला देणेघेणे नव्हते. फडाच्या कडेच्या गाडवाटेने ती उभ्याने पॅडल मारत गेली, वळली, परत आली, आणि पाय न टेकता पुन्हा गेली. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचे "औंदा बघू" आहे, असे तिने सांगितले. निघताना तिने "ह्याच वाटानं येणार का?" असे विचारले आणि थोरलीने, मला न विचारता, हो म्हणून टाकले.

बीडला संध्याकाळी कंकालेश्वराचे देऊळ पाहिले. पाण्याच्या कुंडात मधोमध उभे असलेले इतके सुंदर देऊळ, पण थोरलीचे लक्ष नव्हते. "त्यांना दिवसाला किती किलोमीटर पडतात?" असे तिने जेवताना विचारले. ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, टनात मोजतात, एवढे मला सांगता आले.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. चौसाळा.

मांजरसुंब्याचा घाट. बालाघाटच्या डोंगरावर चढण्याची जी काही हौस होती ती पूर्ण फिटली. चढावर शेवटी सगळ्यांनीच सायकली हाताने ढकलल्या, धाकट्याने सुद्धा स्वतःची अर्धी ढकलली, म्हणजे तिला धरून चालला. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जायचे घरून ठरले होते. कोणीही त्याची आठवण काढली नाही. पिन जागची हलली नाही.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. येडशी.

वर पठार आहे, वारा पाठीशी होता, आणि अठ्ठावन्न किलोमीटर कसे सरले कळले नाही. सरमकुंडी फाट्यावर खव्याचे पेढे खाल्ले. या भागात दूध आटवून खवा करण्याचा धंदा घरोघरी आहे आणि पेढ्याला तो खरपूस वास येतो. तेरखेड्याला फटाके तयार होतात हे धाकट्याला कोणी सांगितले ते कळले नाही, पण तेथून येरमाळ्यापर्यंत तो रुसून बसला आणि पॅडल मारले नाही, हे त्याच्या बाबांच्या पिंडऱ्यांना ठाऊक आहे.

मार्गशीर्ष अमावास्या. तुळजापूर.

सासूबाईंच्या अमावास्येने आज आम्हाला जेवू घातले. धाराशिव आणि लातूर या भागात आज वेळ अमावास्या; बोलीत येळवस. गावे ओस असतात आणि शिवारे भरलेली. धाराशिव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीत कडब्याच्या कोपी दिसू लागल्या आणि प्रत्येक बांधावरून हाका येऊ लागल्या. तिसऱ्या हाकेला थांबलो. कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडलेले होते, ते पांडव, त्यांच्यापुढे नैवेद्य. मग पत्रावळीवर भज्जी, म्हणजे ओले दाणे, पालेभाज्या आणि चिंच यांची एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि गाडग्यातले आंबील. आंबील गार आणि आंबट. दोन पेले घेतल्यावर सायकलवर परत बसावे असे वाटेना.

शेजारच्या शेतात कोप नव्हती. यजमानांच्या म्हाताऱ्या वडिलांना मी सहज विचारले. ते म्हणाले, "त्याचं समदं घर ऊसतोडीला गेलंय. म्हणून आम्हीच सकाळी बांधावरून त्याच्या वावरात आंबील शिंपडली." थोरली खीर खात होती. तिने मान वर केली नाही, पण खाणे थांबले होते.

दुपारी चारला तुळजापुरात. देवीच्या दर्शनाची रांग तीन तासांची होती आणि धाकटा बाबांच्या खांद्यावर झोपला, त्यामुळे भवानीमातेने त्याला पाहिले, त्याने तिला पाहिले नाही. मीटरवर आकडा २८६ दिसत होता. फोटो काढला.

पौष शुद्ध प्रतिपदा. घरी.

टपावर कॅरिअर असलेली क्रूझर भाड्याने केली आणि साडेतीन सायकली वर बांधून सकाळी निघालो. सहा दिवसांचा रस्ता उलटा जेमतेम अर्ध्या दिवसात संपतो, याचा मुलांना राग आला. मांजरसुंब्याचा घाट तर धाकट्याला ओळखताच आला नाही.

गढीजवळ थोरलीने चालकाच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला लावली. तिच्या बाबांनी टपावर चढून जोडाची पिन काढली, ट्यूबची पट्टी सोडवून पिन पुसली. पण फड तुटला होता. मोकळ्या वावरात पाचट जाळल्याचा काळा पट्टा होता, बांधाला खोपींच्या जागी चौकोनी डाग होते, आणि चुलीच्या तीन-तीन दगडांच्या राशी ओळीने होत्या. सायकलचे टायर गाडवाटेच्या धुळीत उमटलेले अजून दिसत होते, की ते दुसऱ्या कोणाचे होते, सांगता येणार नाही.

टपरीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "परवा हलली ती टोळी. माजलगावकडं गेली म्हणत्यात, न्हाईतर पाथरीकडं. ते मुकादमालाच ठाऊक."