पाय खाली टेकायचा नाही: कॅपाडोशियातली एक संध्याकाळ

तुर्कीतलं कॅपाडोशिया म्हटलं की सगळ्यांना हॉट एअर बलून आठवतो, पण आमच्या ग्रुपमध्ये रात्री जेवताना गप्पा रंगतात त्या संध्याकाळच्या क्वाड बाईकच्या (चार जाड चाकांची, कच्च्या वाटेवर चालवायची उघडी गाडी), कारण बलूनमध्ये तुम्ही नुसते उभे असता आणि क्वाड तुम्ही स्वतः चालवता. मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन तुर्कीला जाते, मे महिन्यात शाळांना सुट्टी असते तेव्हा तर एक ग्रुप सोडला की दुसरा घ्यायचा असंच चालतं. हे लिहितेय ते मे च्या शेवटच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळबद्दल, कारण त्या दिवशी आमच्या तिथल्या गाईडने जे केलं ते क्वाड चालवायला देणाऱ्या प्रत्येकाने करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ग्रुपमधल्या साधारण अर्ध्या लोकांनी क्वाड घेतली होती, बाकीचे जवळच्या अवानोस गावाला मातीची भांडी बघायला गेले (किझिलर्माक नदीच्या लाल मातीची, तेही बघण्यासारखंच आहे). क्वाडवाल्यांमध्ये पुण्याचं एक तरुण जोडपं, डोंबिवलीची दोन कॉलेजची मुलं आणि त्यांचे आईवडील, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले साताऱ्याचे एक काका, आणि नाशिकच्या काकू. काकू साठीच्या पुढच्या, शिक्षिका होत्या, आधी लूना आणि मग ॲक्टिव्हा अशी सगळी नोकरी दुचाकीवर केलेली. त्यांचे मिस्टर अवानोसला गेले आणि ह्या म्हणाल्या मी मागे बसणार नाही, मी चालवणार. मला हे फार आवडलं. मुलं म्हणतात आई तू मागे बस, सून म्हणते फोटो काढून घ्या, आणि ज्या बाईने चाळीस वर्षं ट्रॅफिकमधून गाडी काढली तिला अचानक कोणी हँडलच देत नाही, हे मी खूप बघते.

दुपारी अडीच-तीनला जोरात पाऊस पडून गेला होता. तिथे मे मध्ये दुपारचा असा पाऊस होतो, तास दीड तास, मग आकाश धुतल्यासारखं. मी खूश होते कारण क्वाडवर सगळ्यात जास्त त्रास धुळीचा. तिथला दगड म्हणजे मुळात ज्वालामुखीची राख, एर्जियेस, हसन दाग आणि आसपासच्या ज्वालामुखींनी गेल्या साधारण एक कोटी वर्षांत टाकलेली, ती दबून दबून टफ नावाचा मऊ खडक झालाय. चाकाखाली तो परत पिठासारखा होतो आणि पुढच्या क्वाडची सगळी धूळ मागच्याच्या तोंडात. दमा असणाऱ्यांना मी बसमध्येच स्पष्ट सांगते की लाईनमध्ये गाईडच्या लगेच मागे राहा, इनहेलर बॅगेत नाही खिशात ठेवा. पावसाने धूळ बसली म्हणजे आज मजा, असं मला वाटत होतं.

गाईड मात्र आमची वाट बघत उभा होता आणि त्याच्या बुटांना चिखल होता. तो आधीच एक चक्कर मारून आला होता. म्हणाला रेड व्हॅली नावाच्या दरीच्या वर, सूर्यास्त बघतात त्या पॉईंटला जाणारी खालची वाट आज बंद, ओला टफ साबणासारखा झालाय, आपण चावुशिन गावाकडून लांबच्या वाटेने चढू. वयाने तिशीचा, तिथल्याच गोरेमे गावचा, बोलणं कमी. मग त्याने सगळ्यांना हेल्मेट दिली, आत घालायच्या पातळ टोप्या दिल्या, आणि बायकांच्या ओढण्या आणि स्टोल काढून डिकीत ठेवायला लावले. ओढणी मागच्या चाकात जाऊ शकते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं तरी फोटोसाठी कोणाला काढवत नाही, त्याने हट्टाने काढायला लावल्या.

मग समोरच्या मोकळ्या जागेत प्रॅक्टिस. क्वाड दिसायला सोपी, चार चाकं, गिअर नाही, पडायची भीती नाही, त्यामुळे आपली माणसं म्हणतात हे काय ॲक्टिव्हापेक्षा सोपं आहे. आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. ॲक्टिव्हाला मूठ पिळली की गाडी पळते, इथे उजव्या अंगठ्याने एक छोटा खटका दाबायचा, मूठ फिरतच नाही. दुचाकी वळताना गाडी कलते, क्वाड कलत नाही, तुम्हाला स्वतःचं अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं, कारण बऱ्याच क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर सारख्या वेगाने फिरतात आणि गाडीला सरळच जायचं असतं. वळणात अंग बाहेर राहिलं आणि वेग असला की क्वाड बाहेरच्या बाजूला उलटते. अडीचशे-तीनशे किलोचं धूड असतं ते, अंगावर आलं तर चार चाकांचा काही उपयोग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय. दुचाकीवर गाडी थांबली, डगमगली, की पाय खाली टेकतो, विचार करावा लागत नाही, आयुष्यभराची सवय आहे ती आणि तीच आपल्याला वाचवते. क्वाडवर तोच पाय मोडतो. मागचं टायर पायाच्या लगेच मागे असतं, पाय जमिनीला लागला आणि गाडी थोडी जरी पुढे गेली तरी टायर पायाला खाली ओढून घेतं. म्हणून पहिला नियम, काहीही झालं तरी पाय फूटरेस्टवर.

काकूंनी पहिली चक्कर छान मारली, आणि थांबताना डावा पाय खाली. गाईडने हात वर केला, पायाकडे बोट दाखवलं. परत चक्कर, परत थांबताना पाय खाली. काकूंना कळत होतं, त्या स्वतःच म्हणत होत्या, "अगं बाई, परत टेकला बघ," पण पाय ऐकत नव्हता. पुण्याच्या जोडप्यातल्या सूनबाईचंही तेच होत होतं, तीसुद्धा रोज स्कूटर चालवणारी. डोंबिवलीच्या मुलांना मात्र दोन मिनिटांत जमलं कारण त्यांनी दुचाकी फारशी चालवलेलीच नव्हती.

गाईडने बाकीच्यांना बाजूला उभं केलं आणि ह्या दोघींनाच घेऊन बसला. चालव, थांब, चालव, थांब. मग त्याने एका छोट्या चढावर काकूंना थांबायला लावलं आणि ब्रेक थोडा सोडायला सांगितला म्हणजे क्वाड मागे सरकेल. मी शेजारून मराठीत सांगत होते, "काकू, अंग पुढे झुकवा, ब्रेक हळूहळू दाबून धरा, पाय जिथे आहेत तिथेच." तो हेच सारखं करून घेत होता आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य, हळू, हळू, तुर्कीत, याव्हाश, याव्हाश.

आता सूर्यास्त होता आठला पाच-सहा मिनिटं कमी, आणि साडेसहा तिथेच वाजत आलेले. त्याच जोडप्यातले जावईबापू घड्याळ दाखवायला लागले, "ताई, आम्ही सनसेटसाठी पैसे भरलेत, ड्रायव्हिंग क्लाससाठी नाही." त्यांचं चिडणं मी समजू शकते, लांबून येतात लोक, एकदाच येतात. डोंबिवलीच्या मुलांचे वडील म्हणाले काकूंना कोणाच्या तरी मागे बसवा ना. काकू हे सगळं ऐकत होत्या आणि हेल्मेट काढायला लागल्या, म्हणाल्या, "जाऊ दे गं, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको."

मी गाईडकडे बघितलं, त्याला मराठी कळायचं कारण नव्हतं पण हेल्मेटवर गेलेले हात कळले. त्याने इंग्लिशमध्ये मला सांगितलं की ह्या चालवणार, पाय थांबला की निघू, सूर्याचं मी बघतो. मी ग्रुपला सांगितलं की निघायचं कधी हे फक्त गाईड ठरवणार, आणि आज त्याच्या निर्णयाच्या मागे मी आहे, कोणाला तक्रार करायची असेल तर रात्री माझ्याकडे करा, लेखी द्या, मी पुढे पाठवीन. चिडचिड राहिली, पण बोलणं थांबलं.

थोड्या वेळाने काकूंचा पाय थांबला. गाईडने नुसती मान हलवली आणि एका ओळीत आम्ही निघालो, पुढे तो, लगेच मागे काकू, सगळ्यात शेवटी त्याचा जोडीदार, मी त्याच्या पुढे. ओव्हरटेक नाही, दोन क्वाडमध्ये चांगलं अंतर, त्याने हात वर केला की सगळे थांबणार.

त्या वाटेबद्दल किती लिहू. चावुशिनच्या कड्यात कोरलेली जुनी घरं दिसतात, दरडी कोसळायला लागल्यावर गेल्या शतकात गाव तिथून खाली हलवलं, आता कड्यावर नुसती खिडक्यांची भोकं. पुढे जर्दाळूची झाडं, बुटक्या द्राक्षवेली, आणि उंच खडकात कबुतरांसाठी कोरलेली खोबणी, शेतकरी त्यांची विष्ठा खत म्हणून द्राक्षांना घालायचे. हा सगळा भाग 1985 पासून जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून वाट सोडून एक चाकही बाहेर टाकायचं नाही, मऊ खडकावर चाकाची खूण पडली की पुढच्या पावसात तिचा चर होतो.

एका ठिकाणी थांबलो तेव्हा साताऱ्याचे काका खडकावर हात फिरवत उभे होते. म्हणाले, "आपल्याकडे वेरूळला कैलास लेणं खोदलं ते बेसॉल्टमध्ये, घट्ट लाव्हा, छिन्नीला दाद न देणारा. इथे राख, कुदळीने घर होतं. पण बघा, टिकायला दोन्ही टिकलं." मग त्यांनी वर बोट दाखवलं, सुळक्यांच्या डोक्यावर गडद रंगाचे दगड टोपीसारखे बसलेत, तो थर कठीण, तो खालच्या मऊ खडकाला पावसापासून झाकतो, टोपी पडली की सुळका झिजून संपतो. मी इतके ग्रुप नेते, हे सगळं मी पाठ सांगते, पण त्या काकांनी खडकाला हात लावून सांगितलं तेव्हा जावईबापूसुद्धा फोन खिशात ठेवून ऐकत होते.

शेवटचा चढ लांबच्या वाटेचा, पण तिथेही पावसाने मधोमध एक चर पाडलेला. गाईड त्याच्या डावीकडून वर गेला, थांबला, मागे वळून काकूंना हाताने रस्ता दाखवला. काकू निम्म्या चढावर असताना समोरून वरच्या बाजूने तीन-चार घोडेस्वार उतरत आले, टूरचेच घोडे होते, त्यातला एक क्वाडच्या आवाजाने बुजला आणि वाटेत आडवा झाला. गाईडने हात वर केला. काकूंनी अंगठा सोडला, क्वाड चढावर थांबली आणि ओल्या मातीवरून मागे सरकायला लागली.

मी बरीच मागे होते, काहीही करू शकत नव्हते, ओरडले असते तरी हेल्मेट आणि इंजिनात काय ऐकू जाणार. मला फक्त त्यांचे पांढरे स्पोर्ट शूज दिसत होते. डावा बूट हलला, टाच उचलली गेली, आणि परत फूटरेस्टवर बसली. अंग पुढे झुकलं, ब्रेक लागला, क्वाड हातभर सरकून थांबली. त्यांच्या डाव्या बाजूला तो चर होता, पाय टेकला असता तर तो चरात गेला असता आणि क्वाड थेट त्याच्यावर. एवढं सगळं चार-पाच सेकंदात झालं.

घोडे गेले. गाईड खाली धावत आला, काकूंना काही न विचारता क्वाडला हात देऊन उभा राहिला, काकूंनी परत अंगठा दाबला आणि स्वतः वर चढवली. वर गेल्यावर त्या उतरल्या तेव्हा हात थरथरत होते, मला म्हणाल्या, "मला काही आठवलं नाही गं, पायच थांबला." मी त्यांना घट्ट धरलं. जावईबापू मागून आले, त्यांनी चढावर सगळं बघितलं होतं, ते सरळ गाईडकडे गेले आणि त्याचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले, काय ते मी ऐकलं नाही.

सूर्य अजून होता. किझिलचुकुर म्हणजे रेड व्हॅली, खडकातल्या लोखंडामुळे मुळातच लालसर, त्यात पाऊस पडून गेलेला, ओला खडक जास्तच गडद दिसत होता. सगळे पश्चिमेकडे मोबाईल धरून उभे, मी दरवेळी सांगते तसं सांगितलं की मागे वळा, पूर्वेला एर्जियेस आहे, जवळजवळ चार हजार मीटर उंच, मे मध्येही डोक्यावर बर्फ, आणि शेवटचा उजेड त्याच्यावर सगळ्यात उशिरापर्यंत राहतो. काकू तिकडेच तोंड करून बसून राहिल्या, गाईडने थर्मासमधून त्यांना चहा दिला.

रात्री माझ्याकडे कोणाचीही तक्रार आली नाही. त्या सीझनपासून मी एक बदल केलाय, क्वाडच्या दिवशी ग्रुपला हॉटेलमधून चाळीस मिनिटं आधी काढते आणि ते चाळीस मिनिटं फक्त प्रॅक्टिसची असं बसमध्ये आधीच सांगून टाकते, म्हणजे सूर्यास्ताची घाई गाईडच्या डोक्यावर बसत नाही. ज्या दुचाकी चालवतात त्यांचे हात वर करायला लावते आणि त्यांना आधी मैदानात पाठवते, तरुण असोत की म्हातारे. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना क्वाड बाईक त्यात धरलीये का ते विचारून घ्यायला सांगते, बऱ्याच पॉलिसीत ती वगळलेली असते आणि ते तिकडे गेल्यावर कळून उपयोग नसतो. तुमच्या आईला, सासूला क्वाड चालवायची असेल तर चालवू द्या, फक्त जो गाईड पाच मिनिटांत निघू म्हणतो त्याच्याबरोबर नको, जो पाय थांबेपर्यंत थांबवून ठेवतो त्याच्याबरोबर जाऊ द्या.