माळीकामाची वही

पुण्यात सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं माझं काम. लॉन कापणं, खत, फवारणी, महिन्याचं ठरलेलं बिल. मधूनच एखाद्या बंगल्याची नवी बाग. हाताखाली माळी वाढले तसा हिशेब रीतसर ठेवायचं ठरवलं. करसल्लागार बाई म्हणाल्या, अनुमानित पद्धतीने रिटर्न भरलंत तर वह्यांची सक्ती नाही. बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा, झालं. आयकराचं भागलं, पण कुठली बाग परवडते ते त्यातून कसं कळणार?

चालू खातं उघडलं, घरखर्च त्यातून बंद. माळ्यांची उचल हजेरीच्या वहीतच लिहायची, पगारातून तिथल्या तिथे वळती होते.

डोकं खाल्लं ते टीडीएसने, म्हणजे बिल देणाराच आधी कापून सरकारकडे भरतो त्या आयकराने. एका सोसायटीचं बिल १८,०००, खात्यात येतात १७,८२०. वर्षाची रक्कम लाखावर जाते म्हणून सोसायटी १ टक्का कापते. वहीत जमा १८,०००च धरायची आणि १८० ‘टीडीएस येणे’ म्हणून वेगळे दाखवायचे. वर्षाचे २,१६० होतात, आणि ते आपलेच पैसे. २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा आयकराचा तक्ता, उघडून पाहिलं तर एका सोसायटीची कपात दिसेचना. कर भरला होता, पण माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलेलं. खजिनदार काका भला माणूस, तरी दुरुस्तीचं रिटर्न जाईपर्यंत त्यांच्या मागे लागावं लागलं.

नव्या बागेचा अ‍ॅडव्हान्स आला की हात सैल सुटतो. तो बहुतेक नर्सरीवाल्याचाच असतो. उरुळी कांचनची रोपं, लाल माती, शेणखत, टेम्पोभाडं, प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात मी साइटचं नाव घालतो. मातीवाला पावती देत नाही, तिथे व्हाउचरवर सही. मेलेली रोपं बदलून दिली तर तो खर्चही त्याच साइटवर, मग ते चार महिन्यांनी का असेना.

जीएसटीबद्दल एक सांगतो, कारण आमच्यातले पुष्कळजण इथे गाफील असतात. रोपांवर कर शून्य, म्हणून ती विक्री मोजायचीच नाही असं धरून चालतात. पण जीएसटी नोंदणीसाठी सेवेची २० लाखांची मर्यादा बघताना करमाफ विक्रीही मोजली जाते.

साइटवार हजेरी मांडल्यावर एक गोष्ट उघडी पडली. ज्या मोठ्या सोसायटीचं नाव मी नव्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो, तीच सगळ्यांत कमी नफा देत होती. जुलै-ऑगस्टमध्ये गवत आठवड्यात गुडघ्याला लागतं. कटरचं पेट्रोल, नायलॉनची तार, दोन माणसांचा अख्खा दिवस, आणि बिल मात्र उन्हाळ्यातलंच. यंदाच्या करारात पावसाळ्यातल्या जादा कापणीचा दर वेगळा लावलाय. कमिटीची सही अजून व्हायची आहे.